तीन भिंतींचा हौद

माझ्या केरबाकाकाला एक भिंत वाचवल्याचा इतका आनंद झाला होता, की वस्तीत येईल त्याला तो दंडाला धरून हौद दाखवायला नेत होता. शनिवारच्या एसटीनं मी अहमदपूरहून उतरले, अजून घोटभर पाणी प्यायले नव्हते, तर मलाही नेलं.

“बग पंचशीला, हौदाला चार भिंती लागत्यात का न्हाई? म्या तिनातच भागवलं! अख्खी एक भिंत वाचली, बाई!”

मी हौद बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. हौद तिकोनी होता.

काका गवंडी आहे, आणि चांगला मुरलेला गवंडी आहे. त्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघा, केसभर फरक सापडायचा नाही. पण एकदा डोक्यात काही घुसलं की हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. जागा होती बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, चांगली सरळ चौकोनी. तिच्या एका कोपऱ्यात आमच्या निळ्या झेंड्याचा ओटा. माझ्या आजोबांनी दीक्षा घेऊन आल्यावर स्वतःच्या हातानं रचलेला. तो हलवायचा तर कुणाची छाती नाही, आणि हौदाच्या आत घ्यायचा तर जयंतीला हार घालायला पाण्यात उतरायचं का? म्हणून काकानं ओट्याच्या अलीकडून तिरकी भिंत ओढली, या टोकापासून थेट त्या टोकापर्यंत. झाला तिकोन.

“आता ह्याच्यात पाणी किती मावंल, काका?”

“चौकोनात मावंल तेवढंच की! लांबी तीच, रुंदी तीच, उंची तीच. भिंत तेवढी एक कमी.”

मी नववीला गणित शिकवते. चितीचं घनफळ म्हणजे पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, आणि पाया त्रिकोणी असला की निम्मं करायचं, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. निम्मं करायचं, निम्मं करायचं, निम्मं करायचं! तरी परीक्षेत निम्म्याहून जास्त पोरं निम्मं करायचं विसरतात. आजवर मला वाटायचं, हा आमच्या शाळेचा दोष आहे. आता कळलं, आमच्या घराण्याचा आहे.

हौद कशासाठी, तेही सांगते. गावात टँकर येतो तो गावविहिरीत पाणी ओततो. आधी गाव भरून घेतं. ओढ्याच्या अलीकडं आमची बौद्धवस्ती, आमचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोवर बादलीत पाण्यापेक्षा गाळ जास्त. कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका, मला तोंडपाठ आहे. पण कायदा येऊन विहिरीवर उभा राहत नाही, माझी सरजाआत्या उभी राहते. काकाची थोरली बहीण, साठी उलटलेली, गुडघे गेलेले, आणि ती दोन दोन तास उन्हात घागर घेऊन ताटकळते. गावातली कालची पोरगीसुद्धा तिला म्हणते, “सरजे, सरक जरा मागं.” आत्या सरकते. मला ते बघवत नाही. म्हणून वस्तीला आपलं पाणी पाहिजे होतं, बाकी काही नाही.

त्यासाठी अर्ज केले तर ती वेगळीच कटकट. लातूर जिल्हा नवा झालेला. उस्मानाबादला गेलं तर म्हणतात, तुम्ही आता लातूरचे. लातूरला गेलं तर म्हणतात, तुमचा कागद अजून उस्मानाबादहून आला नाही. पाऊस दोन्ही जिल्ह्यांत नाही, त्याबाबत मात्र कसलीच वाटणी करावी लागली नाही. हेलपाटे घालून घालून शेवटी उत्तर मिळालं: वस्तीत एक खेप पूर्ण मावेल एवढा हौद असेल, तर वस्तीला वेगळा टँकर देऊ. सिमेंट मिळेना, तरी लोकांनी पडक्या घरांचे दगड आणले, इकडून तिकडून पोती जमवली, आणि काकानं हा तिकोन उभा केला.

बरं, काकाचं एक वेळ जाऊ द्या. गुरुवारी ओव्हरसियर आला. शिकलेला माणूस, जीपमधून उतरला, टेप लावली. लांबी बारा, रुंदी नऊ, उंची साडेतीन. तिन्हींचा गुणाकार तीनशे अठ्ठ्याहत्तर घनफूट. टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे साडेतीनशे घनफुटांच्या आसपास. मावतंय की! मंजूर! रविवारी पहिली खेप! मी काकाला विचारलं, त्याला तिरकी भिंत दिसली नाही का? तर म्हणे, दिसली, तिला टेकूनच चहा प्याला.

जाताना मात्र बजावून गेला: खेप सगळी इथं उतरली पाहिजे. टँकर पाणी घेऊन परत आला, तर हौद खोटा आणि तुमची खेप बंद.

आणि रविवार म्हणजे उद्या!

घरी येऊन मी आत्याच्या मोरीतली साबणाची नवी वडी उचलली, शिवायचा दोरा घेतला, आणि काकाच्या डोळ्यांदेखत वडी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कापली. दोन तिकोनी तुकडे पडले.

“अगं माय! नवीकोरी वडी! खुळी झालीस का काय?” आत्या ओरडली.

“थांब गं आत्या. काका, हा एक तुकडा म्हणजे तुझा हौद. लांबी तीच, रुंदी तीच, उंची तीच. मग दुसरा तुकडा कुठला आला?”

काकानं दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे केले, वास घेतला. “साबन तू कापलीस म्हनून निम्मी झाली. हौद कुनी कापलाय?”

“तू! तू कापलास! ती तिरकी भिंत घातलीस ना, तोच दोरा!”

“हे बग, सायबानं स्वता मोजलं, तीनशे अठ्ठ्याहत्तर. इंजिनेर मानूस हाय. त्यानं पुरं धरलं आन तू कशाला निम्मं करून राहिलीस?”

“मी करत नाही, ते आहेच निम्मं! एकशे एकोणनव्वद! उद्या टँकर आला की निम्मं पाणी हौदात आणि निम्मं टँकरातच राहणार!”

“पर भिंत तर वाचली का न्हाई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “किती वाचली? तिरकी भिंत किती फूट?”

“पंधरा.”

“चौकोन केला असतास तर तिच्याऐवजी बारा आणि नऊच्या दोन लागल्या असत्या, एकवीस फूट. मग वाचली किती? सहा फूट! सहा फूट भिंत वाचवलीस आणि निम्मं पाणी घालवलंस! गिलावा म्हणशील, तर तळ धरून आता लागला एकशे ऐंशी चौरस फूट, चौकोनाला लागला असता दोनशे पंचावन्न. म्हणजे गिलावा निम्मासुद्धा वाचला नाही, काका! भिंत कमी झाली चिमूटभर आणि पाणी गेलं पसाभर!”

“सिमिटाची दोन पोती वाचली ते न्हाई दिसत तुला,” काका पुटपुटला. या माणसापुढं हात टेकले मी.

आत्या मात्र साबणाकडं बघत होती. तिनं एक तुकडा उचलला, दुसरा बाजूला सारला, आणि हळूच म्हणाली, “म्हंजी आपल्याकडं हा एवढाच हाय?”

“हाव.”

“आन दुसरा न्हाई?”

“न्हाई, आत्या.”

ती मटकन खाली बसली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला एका फटक्यात कळलं, आणि हिशेब करणाऱ्या दोघा पुरुषांना कळेना. मला रडू यायचं बाकी होतं.

मग सगळी वस्ती गोळा झाली आणि जो तो अक्कल पाजळायला लागला. एक म्हणाला, भिंती वर चढवू. चढव बाबा! टँकरचं तोंड जमिनीपासून चार फुटांवर, पाणी त्याच्या वर जाणार कसं, तू ढकलणार का? दुसरा म्हणाला, तळ खोल करू. खाली काळा दगड, टिकावानं ठिणग्या उडतात. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता जाते आणि ओव्हरसियरला खरं सांगते, तर आत्या उसळली.

“आन तो म्हनला, हौद न्हाई तर खेप न्हाई, मग? मी परत जाऊन हुबी ऱ्हाऊ तिथं? तूच ये मग माझ्या जागी.”

मग मीच डोकं चालवलं. हौदात निम्मं मावतं, मग उरलेलं घराघरात मावलं पाहिजे. बाकी राहतं साडेचार हजार लिटर, म्हणजे तीनशे घागरी. वस्तीत पस्तीस घरं. घरटी रांजण, हंडे, कळश्या, बादल्या धरून नऊ-दहा घागरींची सोय सहज होईल. जयंतीच्या भंडाऱ्याची मोठी पातेली आहेत ती वरकड. बसलं गणित! उद्या सगळ्यांनी भांडी रिकामी करून, घासून, हौदापाशी आणून मांडायची. हौद भरला की पाईप भांड्यांत. टँकर कोरडा करून पाठवायचा, आणि मग पुढच्या खेपेच्या आत बसून काय ते शांतपणे ठरवू. काका म्हणाला, “बग, मावतंय का न्हाई सगळं? मी सांगत हुतो.” मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला टँकर आला. ड्रायव्हर वीरण्णा, उदगीरकडचा. त्यानं हौद बघितला, मान वाकडी करून परत बघितला. पाईप सोडला. हौदात पहिलं पाणी पडलं तेव्हा बायका नुसत्या बघत राहिल्या, काकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, माझाही राग तेवढ्यापुरता विरघळला.

हौद काठोकाठ भरला. वीरण्णानं व्हॉल बंद केला, टँकरच्या पोटावर थाप मारली. “अर्धाच रिकामा झाला की हो, बाई.”

“माहीत आहे! भांड्यांत सोडा!”

मग जी धांदल उडाली! हंडे, घागरी, रांजण, पातेली. भरलेलं घरात न्यायचं, रिकामं आणायचं. सगळं झकास चाललं होतं. आणि मग एकाएकी भांडी संपली. मी गरागरा फिरून बघितलं. बाजूच्या ओळीतली घरं गप्प. दारांना कुलपं. अहो, निम्मी ओळ ऊसतोडीला गेलेली, दिवाळीपासून! रांजण, हंडे, सगळं आत कोंडलेलं! मी घरं मोजली, कुलपं मोजली नाहीत. काकाला एवढं तासून काढलं आणि मी स्वतः काय दिवे लावले होते? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“अजून चाळीस-पन्नास घागरी असंल आत,” वीरण्णा म्हणाला. “मी काय करू? जमिनीवर सोडता येत न्हाई, परत नेलं तर सायेब इचारतंय. मला सांगावंच लागतंय, बाई.”

“थोडं थांबा ना!”

“थांबून काय हौद मोठा होतंय?”

एवढ्यात ओढ्याच्या पलीकडून आवाज आला. गावातल्या पंधरा-वीस बाया कोरड्या ओढ्याच्या काठावर येऊन उभ्या होत्या, सगळ्यांच्या कमरेला रिकाम्या घागरी. गावविहिरीतली खेप चार दिवस आली नव्हती. पुढं साखराबाई, व्यंकटराव पाटलाची बायको, तिच्या मागं तिची सून शिवकन्या.

“वीरण्णा, उरलेलं हिकडं घिऊन या की!” साखराबाईनं हाक दिली. “आमी घेतो भरून.”

वीरण्णा आमच्याकडं वळला. “नेलं असतं. पर तिकडं उतरलं तर ते गावाचं धरतंय. तुमची खेप पुरी न्हाई होत.”

मी ओढ्याच्या काठावर गेले. “साखराबाई, टँकर हलवता येत नाही. तुम्हीच या. चार पावलांवर आहे, या आणि भरून न्या!”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. पाऊल एकीनंही उचललं नाही.

“तिथं येऊन कसं भरावं बाई,” साखराबाई म्हणाली. “टँकरच आना की हिकडं, काय हुतंय तेवढ्यानं?”

आता मात्र माझं डोकंच फिरलं. “तेच पाणी आहे ना? तोच टँकर, तोच पाईप! इथं घेतलं तर कडू लागतं का? आमच्या बायांनी जन्मभर तुमच्याकडं येऊन घेतलं, तेव्हा पाणी कसं चालत होतं? चार दिवस तुमच्या घरात थेंब नाही, पोरंबाळं तहानलेली, आणि तुम्ही घागर घेऊन तमाशा बघायला आलात होय? लाज वाटू द्या जरा!”

“पंचशीला, बास,” आत्या म्हणाली. मी ओरडले की सगळं बिघडतं, हे आत्याला पक्कं माहीत. ती लंगडत पुढं आली. ओरडली नाही, नुसती म्हणाली, “या गं बायांनो. लई पानी हाय. उगं वाया जाईल.”

कुणी हललं नाही. वीरण्णा पाईप गुंडाळायला लागला. मी दात आवळून उभी होते. एवढे हेलपाटे, एवढे दगड, काकाचे फुटलेले हात, आणि आत्या उद्या परत त्या विहिरीवर, परत सगळ्यांच्या मागं. का, तर चाळीस घागरी पाणी घ्यायला कुणी ओढा उतरेना!

तेवढ्यात शिवकन्या ओढ्यात उतरली.

“शिवकन्या! माघारी ये!” साखराबाई ओरडली.

“घरात लेकरू पान्यावाचून रडायलंय, आत्याबाई,” ती मागं न बघता म्हणाली. “तुमी ऱ्हावा हुब्या.” आणि ओढा चढून सरळ टँकरपाशी आली. वीरण्णानं पाईप सोडला. तिची पितळी घागर भरली, पाणी काठावरून ओघळायला लागलं.

भरली घागर एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. शेजारच्या बाईनं हात लावायचा, ही विहिरीवरची रोजची रीत. तिथं गावातल्या बाया एकमेकींना हात लावतात. आमच्या बायांना हात लावायचा तो आमच्याच बायांनी, आणि गावातल्या बाईच्या घागरीला तर आमच्या बाईनं बोटसुद्धा लावायचं नाही. शिवकन्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि इकडंतिकडं बघितलं. जवळ फक्त आत्या होती.

“मावशी, हात लावा की जरा,” ती म्हणाली.

आत्या उभीच राहिली. दगडासारखी. पाणी घागरीवरून वाहतंय, वीरण्णा बघतोय, अख्खी वस्ती बघतेय, आणि ही बाई आपल्या दोन्ही हातांकडं बघत उभी! काकाला तिकोन कळेना, ओव्हरसियरला निम्मं दिसेना, आणि आता आत्याला हात उचलेना. माझं सगळं खानदान माझ्या जिवावर उठलंय असं वाटलं मला.

“आत्या, लाव की हात! पाणी सांडायलंय!” मी किंचाळले.

आत्यानं लुगड्याला हात पुसले. एकदा पुसले, परत पुसले. मग वाकून, दोन्ही हातांनी घागर धरली, गुडघ्यावर टेकवली आणि उचलून शिवकन्याच्या डोक्यावर ठेवली. शिवकन्यानं तोल सावरला. “व्हय, बसली,” ती म्हणाली, आणि ओढा उतरून गेली. पलीकडच्या बाया तिच्या घागरीकडं बघत राहिल्या. भरलेली होती, वरून पाणी ओघळत होतं, आणि ऊन तर असं की ढेकूळ तापून फुटावं.

मग दुसरी आली. मग तिघी एकदम. घागर घरी ओतून परत येणाऱ्याही होत्या, आणि मग कोण आधी यावरून भांडणच लागलं. आत्या टँकरपाशी उभी राहून एकेकीला हात लावत होती, लंगडत होती, आणि जसजशा घागरी जात होत्या तसतसा तिचा आवाज चढत होता. “दमानं! ढकलू नका! ए, तुजी भरली, सरक मागं! पाईप कुनी वडला?” ही माझीच आत्या का, मला खरं वाटेना.

सगळ्यात शेवटी साखराबाई आली. तोंड फुगवलेलं, कुणाकडं बघत नव्हती. पाईपातून आता बारीक धार येत होती. टँकर संपत आला होता. घागर तिरपी धरलेली, निम्मी धार बाहेर.

“साखराबाई, सरळ धर ती घागर,” आत्या खेकसली. “फुकट न्हाई आलं पानी.”

वीरण्णाचा हात व्हॉलवर तसाच राहिला. साखराबाईनं एकदा आत्याकडं बघितलं, आणि घागर सरळ धरली.